तिसऱ्या तारेवरचा उजेड

जिल्हा नवा झाला, पण दुष्काळ जुनाच राहिला. लातूरला कलेक्टरची कचेरी बसली, निलंग्याच्या हापिसांवरचं उस्मानाबादचं नाव खोडून तिथं लातूर रंगवलं गेलं, आणि त्याच उन्हाळ्यात कडबेवाडीच्या विहिरींनी तळ दाखवला. नव्या जिल्ह्याकडून गावाच्या पदरात पडलं ते एकच. गावाखालच्या माळावर खणलेला बोअर, त्यात सोडलेली मोटर आणि शेजारी सिमेंटचा हौद. उरलेली आश्वासनं वाऱ्यावर गेली, आणि वाऱ्याला त्या वर्षी काही तोटा नव्हता.

मोटर सांभाळायचं काम मलप्पाकडं होतं. मलप्पा म्हणजे जळक्या मोटरी भरून देणारा माणूस. तरुणपणी निलंग्यात पंचाक्षरी उस्तादाच्या दुकानात तांब्याच्या तारेचे फेरे घालायला शिकला, मग गावी येऊन स्वतःच्या ओसरीत बस्तान मांडलं. हात चांगला होता, पण बूड म्हणून एका जागी टेकायचं नाही. जेवायला बसला तरी एक कान बोअरकडं. मोटरीचा सूर जरा बदलला की हातातली भाकर ताटात टाकून पळालाच. या माणसाला बसायला पाट देऊ नका, त्याला पायरीच बरी, असं त्याची बायको शांतम्मा पाहुण्यांना सांगायची.

वेशीजवळ डीपी होती. मोठ्या लाईनीवरची अकरा हजाराची वीज तिथं उतरून माणसाच्या कामाची व्हायची आणि तीन तारांनी गावात शिरायची. चौथी तार परतीची. दिव्याला तिघींपैकी कुठलीही एक आणि परतीची एक, एवढ्यावर भागतं. म्हणून वरच्या आळीला एक तार, मधल्या आळीला दुसरी आणि खालच्या आळीला तिसरी, अशी वाटणी झालेली होती. मोटरीचं मात्र तसं नव्हतं. तिला तिघी एकदम लागायच्या. एक जरी कमी पडली तरी ती नुसती गुरगुरायची, जागची हलायची नाही, आणि तशीच चालू ठेवली तर जळून जायची.

आणि नेमकी एक कमी पडली. वैरण संपली होती, म्हणून लोक शेरडांसाठी झाडं ओरबाडत होते. कुणीतरी लिंबाची फांदी तोडली ती थेट तारेवर आली. तिघींतली सगळ्यात खालची तार खांबावरच्या चिनी मातीच्या वाटीपाशी तुटली. डीपीकडचा तुकडा ठिणग्या उडवत खाली आला आणि तिकडचा फ्यूज उडाला. वाटीच्या पुढची तार मात्र होती तशीच खांबांवर राहिली, खालच्या आळीवरून थेट बोअरपर्यंत गेलेली, पण मेलेली. खालची आळी अंधारात बुडाली आणि बोअर बंद पडला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

लाईनमन होता भुजंग. पोरगा कामाचा, पण त्या भागातल्या सगळ्या गावांना मिळून तो एकटा, आणि पाल्यापायी तारा तर सगळीकडंच तुटत होत्या. आज येतो, उद्या येतो, असे निरोप येत राहिले. हौदाच्या बुडाला शेवाळ दिसू लागलं. बाया रिकाम्या घागरी घेऊन मलप्पाच्या दारात येऊन बसल्या. बोलत कुणीच नव्हतं, आणि तेच त्याला सोसेना.

मग त्यानं ते केलं. अशा वेळी काय करायचं ते त्या भागातल्या प्रत्येक मोटरवाल्याला ठाऊक होतं आणि करू नये हेही ठाऊक होतं. दोन कंडेन्सर आणून त्यानं स्टार्टरच्या पेटीत बसवले आणि दोन तारांच्या जिवावर मोटरीला तिसरी असल्याचं भासवलं. बटण दाबलं. मोटर एकदा कण्हली, थरथरली आणि सुरात लागली. पाइपातून पाणी पडलं तसा बायांनी एकच गलका केला.

पण खरा चमत्कार त्या गलक्यानंतर झाला. दिवस मावळत होता. खालच्या आळीतली म्हातारी सरजाबाई पदर सावरत, ठेचकाळत धावत आली. तिच्या घरातला बल्ब लागला होता. तिच्याच नव्हे, सगळ्या आळीतले बल्ब लागले होते. उजेड अगदी मंद, तांबूस, चुलीतल्या निखाऱ्यासारखा, पण उजेड होता. तार तर तुटलेली, खांबावर कुणी चढलं नाही, मग लाईट आली कुठून? मलप्पाला नीट कळलं नाही. त्यानं मोटर बंद केली. आळी विझली. चालू केली. आळी पुन्हा उजळली. तो हसला आणि म्हणाला, दोन तारांतून तिसरी काढलीय मी, काय लहान गोष्ट आहे का! सरजाबाईनं त्याच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात उतरवून त्याची अलाबला घेतली आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी स्टार्टरच्या पेटीला हळदकुंकू लागलेलं होतं.

आता माणसानं इथंच थांबावं की नाही? पण स्तुती ही मोठी वाईट चीज. एकदा चाखली की जिभेला चैन पडत नाही. रोज दिवेलागणीला खालच्या आळीतून कुणी ना कुणी यायचं, अप्पा, जरा मोटर चालू करा की, सैपाकाला दिसंना झालंय. आणि मलप्पा चालू करायचा. हौद भरून वाहू लागला तरी मोटर चालू ठेवायचा. वरच्या आळीतले लोक कुरकुरले की अशानं बोअर आटेल, पाणी जपून उपसा. सरपंचानंही बजावलं. मलप्पानं हो म्हटलं आणि संध्याकाळी पुन्हा बटण दाबलं. आपण बटण दाबलं की एक अख्खी आळी उजळते, हे त्याला त्या हौदाच्या पाण्याहून गोड लागत होतं.

एके दिवशी सकाळी त्यानं हौद भरायला मोटर लावली, तिच्यावर शांतम्माला ठेवलं आणि तो तांब्याची तार आणायला निलंग्याला निघाला. फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभा असताना समोरून सायकलवर भुजंग आला. खांद्यावर दोराचं वेटोळं, कॅरेजला पकडी आणि तारेचा तुकडा बांधलेला, डोळे झोपेवाचून लाल. त्यानं सायकल लिंबाला टेकवली, मलप्पाच्या पिशवीतल्या तांब्यातलं पाणी प्याला आणि आज तुमचं काम उरकूनच पुढं जातो म्हणाला. आधी डीपी पुरी बंद करतो, मग चढतो.

मलप्पा गडबडला. डीपी बंद म्हणजे मोटर बंद. हौदाला घागरींची रांग लागली होती, आदल्या दिवशी दोघी बायांचं केस धरण्यापर्यंत भांडण गेलेलं. त्यानं भुजंगला विनवलं. तुटलेली तार सगळ्यात खालची आहे, वरच्या दोघींना हात लावायचंही कारण नाही. त्या चालू राहू दे, बायांचं पाणी होऊ दे.

"दोन फेजवर मोटर चालून राहिली का अण्णा?" भुजंगनं हसून विचारलं. "कंडेन्सर लावलाव वाटतं."

मलप्पानं मान हलवली आणि नजर चुकवली.

"लावा बापा, मी काय कुणाला सांगतो? पर ती तुटलेली तार मेलेली हाय ना?"

इथं मलप्पाच्या डोळ्यांपुढं सरजाबाईचा तांबूस बल्ब आला. खोटं बोलणार नाही, आलाच. पण त्या बल्बाचं सांगितलं तर भुजंग पेटी उघडणार, कंडेन्सर काढायला लावणार, निदान गावभर हसणार. शिवाय डीपीतला फ्यूज उडालेला, तार तुटलेली. करंट येणार कुठून? तो बल्ब म्हणजे आपली करामत, त्याचा खांबाशी काय संबंध, असं त्यानं मनाला समजावलं.

"हाव, मेलेली हाय," तो म्हणाला. "बिनघोर चढ."

तेवढ्यात एस.टी. आली. भुजंगनं हात हलवला आणि सायकलवर टांग टाकली.

निलंग्यात पंचाक्षरी उस्तादाचं दुकान बसस्टँडाच्या मागं होतं. वार्निशचा वास, भिंतीला टांगलेले पट्टे, आणि मधोमध फरशीवर एक मोटर चाचणीला लावलेली. उस्तादाचं वय झालं होतं, पण तराजूत तार तोलताना हात कापत नव्हता. मलप्पानं तार घेतली, हात जोडून शरणार्थ केला आणि निघायचं सोडून बोलत उभा राहिला, कारण इतका वेळ पोटात ठेवलेली गोष्ट ओठांवर आली होती. गावात कौतुक झालं होतं खरं, पण गावाला काय कळतं? कौतुक करावं तर उस्तादानं. त्यानं सगळं सांगितलं. दोन तारांवर मोटर कशी उठवली, खालची आळी कशी उजळली, म्हातारीनं बोटं कशी मोडली.

उस्ताद हसला नाही. त्यानं तराजू खाली ठेवला आणि तार कुठं तुटलीय ते विचारलं. मलप्पानं सांगितलं. ती जोडायला कोण गेलं ते विचारलं. मलप्पानं तेही सांगितलं, आणि सांगता सांगता त्याचा आवाज का कोण जाणे बारीक झाला.

उस्ताद उठला. चाचणीची मोटर त्यानं तिन्ही तारांवर चालू केली, मग लाकडी दांडीनं तिची एक तार अलगद उचलून बाजूला केली. मोटर दोघींवर फिरतच राहिली. त्यानं टेस्टिंगचा बल्ब घेतला, त्याचं एक टोक परतीच्या तारेला लावलं आणि दुसरं मोटरीच्या त्या मोकळ्या, कशालाच न जोडलेल्या खुंटीला टेकवलं.

बल्ब लागला.

"मोटर फिरून राहिली की तिसऱ्या तारेवर सोता करंट काढती," उस्ताद म्हणाला. "तुझ्या खालच्या आळीला त्योच जात व्हता. आन् आळीला जातो कुठून? खांबावरून. ती तार मेलेली न्हाई, बाबा. तुझी मोटर तिला माघारून जिती करून राहिली."

मलप्पाला पुढचं काही ऐकू आलं नाही. डोळ्यांसमोर एकच होतं. भुजंग खांबावर, दोर कमरेला, आणि उघडा हात त्या वाटीकडं जातोय. तोंडानं आपण स्वतःच म्हणतोय, मेलेली हाय, बिनघोर चढ. तार, पिशवी, तांब्या सगळं तिथंच टाकून तो दुकानाबाहेर पडला. चप्पल पायात होती की नाही, हेही त्याला नंतर आठवलं नाही.

बसस्टँडावर गाडी नव्हती. फोन लावावा तर कडबेवाडीत फोन कुणाकडं? तो उभा राहिला, दोन पावलं इकडं गेला, दोन तिकडं. एरवी इतकी घाई करणारा माणूस, आणि आता पाय कुठं न्यावेत ते सुचेना. मग त्याला पावर हाऊस आठवलं. गावाकडं जाणारी वीज तिथूनच निघते. तिथूनच कापली तर?

पावर हाऊस गावाबाहेर, बिदर रोडला. तो पळत सुटला. वाटेत एका हातगाडीवर आदळला, शिव्या खाल्ल्या, थांबला नाही. गळ्यातलं शिवलिंग छातीवर आपटत होतं आणि तो दर पावलाला महादेवाला एकच सांगत होता, त्याला चहा पाज. कुणीतरी त्याला चहा पाज. एक कप चहा, एक बिडी, काहीतरी उशीर कर.

आत ड्यूटीवर अमृतराव नावाचे ऑपरेटर होते. टेबलावर पाय, समोर थाळी, आणि तोंडात घास. दारात धापा टाकत उभा राहिलेला घामेघूम माणूस बघून त्यांनी आधी लाईट गेली का म्हणून विचारलं. त्यांच्याकडं येणारे सगळे तेच सांगायला यायचे. मलप्पा म्हणाला, गेली नाही साहेब, घालवा. कडबेवाडीचा फीडर बंद करा. अमृतराव हसले. परवानगी कुणाची, परमिट कुठंय, एका फीडरवर किती गावं आहेत, किती टाक्या भरताहेत, ठाऊक आहे का? वरून साहेब मला विचारील त्याला काय सांगू?

"सांगा, मलप्पा खोटं बोलला," मलप्पा म्हणाला. "सांगा, त्यानं जित्या तारेला मेलेली म्हणून सांगितलं आन् लाईनमनला खांबावर चढवलं. माझं नाव लिहा, गाव लिहा, मला फौजदाराकडं द्या. पर आधी बंद करा, साहेब. भुजंग हाय वर."

अमृतरावांनी घास गिळला. भुजंगला ते ओळखत होते. पगाराच्या दिवशी त्याच दारात तो उभा असायचा. त्यांनी उष्टा हात तसाच पँटला पुसला, पलीकडच्या खोलीत गेले आणि दांडा खाली ओढला. कुठंतरी धाडकन आवाज झाला आणि भिंतीवरच्या एका मीटरचा काटा शून्यावर पडला. एका फटक्यात त्या अंगाची सगळी गावं बंद झाली. मग ते परत आले आणि तो चढून किती वेळ झाला असेल म्हणून हळूच विचारलं. मलप्पानं हिशेब करायचा प्रयत्न केला. एस.टी. आली, गेली, दुकानात तो बोलत उभा राहिला. किती वेळ बोलत राहिला! स्वतःचीच लाल करत!

परतीला त्याला पाण्याचा टँकर मिळाला. कडबेवाडीच्या वाटेनंच पुढच्या गावाला चालला होता. केबिनमध्ये जागा असताना तो बसेना, दारातल्या पायरीवर उभा राहिला. ड्रायव्हर म्हणाला, पाहुणे, आत या, पडाल. मलप्पानं मान हलवली. प्रत्येक वळणाला टाकीतलं पाणी डचमळायचं. वाटेतल्या मळ्यांत मोटरी बंद पडल्या होत्या. कुठं एखादा माणूस स्टार्टरपाशी उभा राहून तारेकडं बघत होता, कुठं बाया रिकाम्या पाइपाखाली घागर धरून लाईटवाल्यांचा उद्धार करत होत्या. हे सगळं आपण केलंय, हे त्याला कळत होतं, आणि त्याचं त्याला तेवढं काही वाटत नव्हतं. त्याला फक्त एकच बघायचं होतं.

त्याला भुजंगचं लग्न आठवलं. मांडवात दिव्यांच्या माळा लावायला मलप्पाच गेला होता. नवरदेव पाटावरून उठून शिडी धरायला आला होता, अण्णा, तुम्ही पडाल म्हणून. नवरीचं नाव सिंधु. आता तिच्या दारात कोण जाणार? त्यालाच जावं लागणार. काय सांगणार? बल्ब लागत होता, ते मला दिसत होतं, आणि तरी मी सांगितलं नाही, असं सांगणार? तो पायरीवरून बाहेर झुकला. ड्रायव्हरनं गाडी हळू केली. मलप्पा ओरडला, थांबवू नको, हाक.

फाट्यावर त्यानं टँकर पुरता थांबायच्या आधीच उडी टाकली. गुडघा फुटला. उठला आणि पळाला. गाव गप्प होतं. बोअरचा आवाज नव्हता, पण तो नसणारच होता, लाईट त्यानंच घालवली होती. हौदापाशी अख्खं गाव गोळा झालं होतं. बाया जमिनीवर बसल्या होत्या, काहींनी पदर तोंडाला लावला होता. एवढी माणसं अशी गप्प कधी बसतात ते मलप्पाला माहीत होतं.

खांबाला भुजंगची सायकल टेकलेली होती. खांबाच्या बुडाशी त्याच्या चपला शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या. मलप्पानं वर पाहायचं धाडस केलं. वर कुणी नव्हतं. वाटीपाशी तार जोडलेली होती, नवी गाठ उन्हात चकाकत होती.

आणि मग लिंबाच्या पलीकडं, सावलीत, त्याला भुजंग दिसला. अनवाणी, मांडी घालून बसला होता, दोर कोपरापासून पंज्यापर्यंत गुंडाळत होता. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, आलाव का अण्णा, लाईट गेली बघा आत्ताच, मी खाली उतरल्यावर.

मलप्पा तिथंच धुळीत बसला. तो नुसता भुजंगच्या दोर गुंडाळणाऱ्या हातांकडं बघत राहिला. हात हलत होते. एवढं बघायलाच तो आला होता.

शांतम्मा जवळ आली. तिला वाटलं, ह्याला कुणीतरी वाटेत सांगितलं असावं. तिनं हलक्या आवाजात काय घडलं ते सांगितलं. भुजंगनं आधी तारेवर अडकलेली फांदी काढली, मग दोर बांधून चढायला लागला. तो अर्ध्या खांबावर असेल नसेल, मोटरीचा सूर फिरला. पाइपातून पाणी येईना, नुसता फुसफुस वारा आणि मग गाळ. मलप्पा असता तर पळाला असता, तो नव्हता, म्हणून तीच पळाली आणि तिनं मोटर बंद केली. भुजंगनं वर जाऊन तार जोडली, उतरला, डीपीत फ्यूज घातला. खालच्या आळीतले बल्ब एकदम पांढरे लख्ख लागले. तिन्ही तारा आल्या. मग तिनं मोटर पुन्हा लावून पाहिली. मोटर झकास फिरली. पाणी मात्र आलं नाही. गावातल्या जाणत्यांनी दोरीला दगड बांधून पाइपाशेजारून आत सोडला. तो कोरडाच वर आला. बोअर आटला होता. लाईट गेली ती त्याच्याही नंतर.

म्हणजे त्यानं निलंग्यात जी धावपळ केली, ती सगळी उशिरा झाली होती. तो उस्तादासमोर फुशारकी मारत होता, तेव्हाच भुजंगचा हात तारेवर पडला होता. आणि तो जिवंत होता, कारण बरोब्बर त्या वेळी पाणी संपलं आणि मोटर बंद झाली. रोज संध्याकाळी मोटर उगाच चालवून ज्या बोअरचा तळ मलप्पानं गाठला होता, त्याच बोअरनं भुजंगला वाचवलं होतं.

भुजंगनं पाणी मागितलं. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. शेवटी शांतम्मानं आपल्या घागरीतून तांब्या भरून आणला. भुजंग वरून धार धरून प्याला. त्याच्या गळ्याची घाटी वर खाली होताना मलप्पा बघत होता, आणि बघता बघता त्याला हुंदका फुटला. मोठा माणूस, सगळ्या गावासमोर, लहान पोरासारखा रडू लागला. सरजाबाई उठून त्याच्यापाशी आली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. रडू नको बाबा, पाण्याला कोण काय करणार, उद्या टँकर येतील, नवा जिल्हा हाय, देतील की, असं ती म्हणत राहिली.

"मावशे, मी पाण्यासाठी रडून न्हाई राहिलो," मलप्पा म्हणाला. "पाणी गेलं म्हणून मी देवाला हात जोडून राहिलो."

हौदाभोवतीची सगळी माणसं त्याच्याकडं वळली. मग त्यानं सांगितलं. कंडेन्सरचं, उस्तादाच्या बल्बाचं, फाट्यावर बोललेल्या त्या तीन शब्दांचं. लाईट आपणच घालवली तेही सांगितलं. सगळं बसूनच सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो इतका वेळ एका जागी बसला असेल. भुजंग दोर गुंडाळायचा थांबला. त्यानं खांबाकडं पाहिलं, मग आपल्या उजव्या पंजाकडं.

"मी ह्याच हातानं धरली तार," तो म्हणाला. "फडकं बी नव्हतं घेतलं. तुमी म्हणलाव मेलेली हाय."



सरजाबाईचा हात अजून मलप्पाच्या पाठीवर होता. तिला सगळं कळायला जरा वेळ लागला. खालच्या आळीकडं, आपल्या घराच्या दाराकडं तिनं एकदा पाहिलं. तिथं रोज संध्याकाळी जो तांबूस उजेड लागायचा, ज्याच्यासाठी तिनं पेटीला हळदकुंकू लावलं होतं, तो काय होता ते तिला आता उमगलं. तिनं हात काढून घेतला. चालत भुजंगपाशी गेली आणि त्याच्या पुढ्यात उकिडवी बसली. त्याचा उजवा पंजा हातात घेऊन आधी वरून, मग उलटा करून खालून बघितला. मग त्याच्या धुळीनं माखलेल्या चेहऱ्यावरून दोन्ही हात उतरवले आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

मलप्पाकडं तिनं वळून पाहिलं नाही. तो उठला, पुसट झालेल्या कुंकवाची ती पेटी उघडली आणि दोन्ही कंडेन्सर सोडवू लागला.